ट्रायथलॉनचा सराव आणि संसार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी-व्यवसाय, घर आणि मुले सांभाळून हौशी पातळीवर ट्रायथलॉन, म्हणजे एकाच स्पर्धेत सलग पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे, करणाऱ्यांसाठी, आणि तितकीच त्यांच्या घरच्यांसाठी, ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. वेग कसा वाढवावा याची माहिती इतरत्र भरपूर मिळते. येथे विचार केला आहे तो सरावाचा घरावर पडणारा भार कसा मोजावा आणि कसा वाटून घ्यावा याचा.

पहिल्यांदा नाव नोंदवताना कोणते अंतर निवडावे?

स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. सिडनी येथे २००० साली हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला तो याच्या दुप्पट अंतराने, म्हणजे १.५, ४० आणि १० किलोमीटर. त्याला ऑलिम्पिक किंवा स्टँडर्ड अंतर म्हणतात. त्यापुढे अर्धे अंतर १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरचे, तर पूर्ण अंतर ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटरचे असते.

घराच्या दृष्टीने ही चार अंतरे म्हणजे एकाच जिन्याच्या चार पायऱ्या नव्हेत. स्प्रिंटचा सराव नियमित व्यायाम करणाऱ्या माणसाच्या आठवड्यात सहज सामावतो आणि घरात कोणाला फारसा जाणवतही नाही. ऑलिम्पिक अंतरासाठी शनिवार किंवा रविवारची एक सकाळ द्यावी लागते. अर्ध्या अंतरासाठी दोन्ही सकाळी जातात, आणि पूर्ण अंतराच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सकाळबरोबर दुपारही जाते, कारण पाच-सहा तास सायकल चालवून आलेला माणूस घरात असून नसल्यासारखाच असतो. घरातले सर्वांत लहान मूल रात्रभर सलग झोपू लागेपर्यंत ऑलिम्पिक अंतराच्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवाईतील ओआहू बेटावर १९७८ साली पहिली आयर्नमॅन, म्हणजे पूर्ण अंतराची, शर्यत सुरू करणारे जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे पती-पत्नी होते. त्या शर्यतीत १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. त्या अंतराची मोहिनी आजही अशी आहे की धड पोहता न येणारा माणूसही पहिल्याच वर्षी त्याची स्वप्ने पाहू लागतो. स्वप्न पाहायला हरकत नाही. नोंदणी मात्र स्प्रिंटची करावी.

आठवड्याला नेमके किती तास लागतात?

प्रशिक्षक सांगतात ते तास आणि घराला मोजावे लागणारे तास वेगळे असतात, आणि बहुतेक वाद या दोन आकड्यांमधील तफावतीतून उद्भवतात. स्प्रिंटसाठी साधारण चार ते सहा, ऑलिम्पिकसाठी सहा ते आठ, अर्ध्या अंतरासाठी आठ ते बारा आणि पूर्ण अंतरासाठी बारा ते पंधरा तासांचा साप्ताहिक सराव हौशी खेळाडू धरतात. हे झाले घड्याळात नोंदले जाणारे तास.

आता प्रत्येक सराव दारापासून दारापर्यंत मोजून पाहा. तासभर पोहायचे म्हटले की बॅग भरणे, तलावापर्यंत जाणे, कपडे बदलणे, आंघोळ, परतीचा प्रवास आणि ओला टॉवेल-पोशाख वाळत घालणे हे सारे धरून दोन तास सहज जातात. अडीच तासांच्या सायकल फेरीसाठी हवा भरणे, बाटल्या भरणे, सोबत्यांसाठी चौकात थांबणे आणि परतल्यावर साखळी पुसणे यात आणखी पाऊण तास जातो. धावणे मात्र उंबऱ्यापासून सुरू होते आणि उंबऱ्यावर संपते; पाऊण तास धावण्यासाठी एक तास पुरतो. आठवड्यात दोनदा तासभर पोहणे, एकदा घरच्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवता येणाऱ्या साधनावर) तासभर आणि एकदा रस्त्यावर अडीच तास सायकल, एकदा पाऊण तास आणि एकदा तासभर धावणे, असा सराव घड्याळात सव्वासात तासांचा दिसतो. दारापासून दारापर्यंत मोजला तर, ट्रेनरच्या तासालाही पाव तास जादा धरून, तो पावणेअकरा तासांचा भरतो. मधले साडेतीन तास कोणत्याही अॅपमध्ये नोंदले जात नाहीत; त्यांची नोंद फक्त घरी मागे राहिलेल्या माणसाकडे असते.

त्यात तिसऱ्या प्रकारच्या तासांची भर घाला. लांबच्या सरावानंतर सोफ्यावर लागलेला डोळा, जिना चढण्याचा कंटाळा, संध्याकाळच्या कार्यक्रमाला दिलेला नकार, हेही सरावाचेच तास आहेत. म्हणून सरावाचा आराखडा घरी दाखवताना दारापासून दारापर्यंतचे तास दाखवावेत. आकडा मोठा दिसतो, पण तो खरा असतो.

जोडीदाराशी हा विषय कसा आणि केव्हा काढावा?

नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी. पैसे भरून झाल्यावर “करू का?” असे विचारणे म्हणजे परवानगी मागण्याचे नाटक आहे आणि समोरच्याला ते लगेच कळते.

बोलताना चार गोष्टी ठोसपणे समोर ठेवाव्यात : स्पर्धेची तारीख आणि प्रवासासह घराबाहेर जाणारे दिवस, सरावाचे सर्वांत जड पाच-सहा आठवडे नेमके कोणते, एकूण खर्च, आणि त्या काळात घरातली कोणती कामे आपल्याकडून होणार नाहीत. शेवटचा मुद्दा लोक हमखास टाळतात, आणि चर्चा खरी त्याचीच व्हायला हवी. “मी सगळे सांभाळून करीन” हे वाक्य ऐकायला गोड असले तरी त्यातून काहीच ठरत नाही. शनिवारी सकाळी मुलांना उठवणे, न्हाऊ घालणे, नाश्ता देणे आणि वर्गाला सोडणे हे काम आता एकाच माणसावर येणार आहे, इतक्या स्पष्ट शब्दांत ते मांडावे.

त्याच बैठकीत जोडीदाराचे तासही ठरवावेत. “तूही कर ना काहीतरी” असे मोघम सांगणे पुरेसे नाही. त्याच वहीत, त्याच कॅलेंडरवर, जोडीदाराच्या मोकळ्या वेळेचा वार आणि तास लिहिलेला असावा, आणि त्या वेळी मुलांची, दाराच्या घंटीची आणि गॅसवरच्या भांड्याची जबाबदारी पूर्णपणे आपली असावी. तो वेळ जोडीदाराने झोपण्यात घालवला तरी त्यावर टिप्पणी करू नये.

एकदा ठरवून भागत नाही. दर आठवड्याला एक ठरावीक संध्याकाळ धरून पंधरा मिनिटे बसावे आणि पुढच्या सात दिवसांत कोणाला कधी बाहेर जायचे आहे, मुलांच्या शाळेत काय आहे, कोणाची तब्येत नरम आहे, हे पाहून सरावाच्या वेळा त्यानंतर ठरवाव्यात. क्रम उलटा झाला, म्हणजे सराव आधी लिहिला आणि घर उरलेल्या जागेत बसवले, की ती बैठक निव्वळ सूचना देण्यापुरती उरते.

ठरवून जातो, तरीही घरी नाराजी असते. असे का होते?

बहुधा परतण्याच्या वेळेमुळे. साडेआठला येतो असे सांगून गेलेला माणूस साडेनऊला येतो, तेव्हा घराचा एकच तास जात नाही. धाकट्याला भरवून झालेले असते, मोठ्याच्या पायात बूट असतात, जोडीदार बाहेर जायच्या कपड्यांत पिशवी घेऊन तयार असतो, आणि तेवढ्यात फोनवर संदेश येतो की अजून वीस किलोमीटर बाकी आहेत. आधी सांगून घेतलेले चार तास घराला परवडतात. न सांगता लांबलेला अर्धा तास परवडत नाही, कारण त्या अर्ध्या तासाभोवती दुसऱ्या कोणाचा तरी दिवस उभा केलेला असतो.

उपाय अगदी साधे आहेत. परतण्याची वेळ सांगताना वीस मिनिटे वाढवून सांगावी. सायकलची फेरी अंतरावर न ठरवता वेळेवर ठरवावी, म्हणजे वारा समोरून असला तरी निम्मा वेळ झाल्यावर मागे वळता येते. पंक्चर स्वतःला काढता आले पाहिजे, आणि जादा ट्यूब सोबत असली पाहिजे. सरावानंतर सोबत्यांशी गप्पा मारत बसणे हा या खेळातला मोठा आनंद आहे हे मान्य, पण तो सांगितलेल्या वेळेच्या आत बसवावा.

सराव पहाटे करावा की रात्री?

पहाटेचा सराव घराला सर्वांत कमी जाणवतो असे मानले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागते. साडेचारचा गजर लावायचा तर साडेनऊला झोपायला हवे, आणि मुले झोपल्यावर पती-पत्नीला निवांत बोलायला मिळणारा तासभर नेमका तोच असतो. म्हणजे पहाटेचा सराव फुकट मिळत नाही. त्याची किंमत आदल्या संध्याकाळी मोजली जाते. म्हणून सलग पाच पहाटे उठण्यापेक्षा तीनच पहाटे उठावे आणि बाकीचा सराव दुपारच्या सुट्टीतले धावणे, कामावर सायकलने जाणे-येणे अशा मार्गांनी भागवावा. कामावर जाण्यात एरवीही वेळ जातोच; तोच सायकलवर घालवला तर घराचा फारच थोडा वेळ खर्ची पडतो.

ज्या पहाटे उठायचे असेल तिची तयारी रात्रीच करावी. कपडे, बूट, हेल्मेट, बाटल्या आणि दिवे झोपण्याच्या खोलीबाहेर काढून ठेवावेत, गजर मनगटी घड्याळाच्या थरथरीवर लावावा आणि खोलीतला दिवा लावू नये. सायकलच्या बुटांचे क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे तळाचे कठीण तुकडे, फरशीवर टकटक वाजतात, म्हणून ते दाराबाहेर जाऊन घालावेत. दीड वर्षाचे मूल पावणेपाचला जागे झाले की त्या दिवसाचा हिशेब कोणाच्याच हातात राहत नाही.

रात्रीच्या सरावाबद्दल एवढेच, की तो हलका असावा. झोपण्याच्या तोंडावर जोरदार इंटर्व्हल (थोड्या विश्रांतीने वेगाचे छोटे टप्पे) केले की शरीर तापलेले राहते आणि झोप लांबते.

तीन खेळ एका आठवड्यात कसे बसवावेत?

वर सांगितलेल्या सव्वासात तासांचाच आराखडा घेऊ. सोमवारी सुट्टी. मंगळवारी आणि शुक्रवारी कामावर जाण्यापूर्वी पोहणे. बुधवारी सकाळी घरच्या ट्रेनरवर तासभर, त्यात दमवणारे काही टप्पे. गुरुवारी दुपारच्या सुट्टीत पाऊण तास धावणे. शनिवारी सव्वापाचला उठून अडीच तासांची सायकल, साडेआठला घरात. रविवारी तासभर आरामात धावणे, आणि मग उरलेला सगळा रविवार घराचा.

यातील बहुतेक सराव हळू करायचा असतो, हे नवख्यांना पटत नाही. नॉर्वेत काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांच्या सरावांपैकी सुमारे ८० टक्के सराव कमी तीव्रतेचे असल्याचे दिसले. त्या खेळाडूंचे आठवड्याचे तास हौशी माणसाच्या तिप्पट असतात, त्यामुळे प्रमाण जसेच्या तसे उचलण्याचे कारण नाही. पण आठवड्यात दोनच सराव जोरात आणि बाकीचे बोलता येईल इतक्या वेगाने, हा नियम सात तासांच्या आठवड्यालाही लागू पडतो. त्याचा घरगुती फायदा असा की हळू सराव करून आलेला माणूस दिवसभर कामाचा राहतो. प्रत्येक फेरी सोबत्यांशी शर्यत लावून करणारा माणूस तंदुरुस्तीत फार पुढे जात नाही आणि घरी मात्र रोज दमलेला येतो.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या सरावाला ब्रिक म्हणतात. शनिवारच्या फेरीनंतर पंधरा-वीस मिनिटे धावले तरी पायांना त्या बदलाची सवय लागते. एक आड एक आठवडा पुरे, आणि सायकलची वेळ तेवढी कमी करून.

एखादा सराव कायमचा कमी करायचा झाला तर कोणता? दारापासून दारापर्यंतच्या हिशेबात पोहणे सर्वांत महाग पडते, म्हणून ज्याला लहानपणापासून चांगले पोहता येते त्याने आठवड्यात एकदाच पोहून दुसऱ्या दिवशी घरी रबरी पट्ट्यांवर हातांचा व्यायाम केला तरी स्पर्धा नीट पार पडते. ज्याला पाण्यात अजून धास्ती वाटते त्याने मात्र पोहण्याला हात लावू नये. तेथे प्रश्न वेगाचा नसून सुरक्षिततेचा आहे.

घरच्या ट्रेनरवर सराव म्हणजे घरीच असणे नव्हे का?

नव्हे. ट्रेनरवर उतार नाही, सिग्नल नाही, पाय थांबवून विसावणे नाही, त्यामुळे तिथला एक तास रस्त्यावरच्या तासापेक्षा भरीव असतो आणि जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, हे सगळे खरे आहे. पण ट्रेनरवर बसलेला माणूस लहान मुलाकडे लक्ष देऊ शकत नाही. त्यात फिरणारी साखळी आणि चाक रांगत्या मुलाच्या बोटांच्या उंचीवर असते, तेव्हा खोलीचे दार बंद हवे आणि दाराबाहेर दुसरे जबाबदार माणूस हवे. तो तास घरात असूनही बाहेरचाच धरावा. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर जाड मॅट घालावी.

मूल आजारी पडले, कामावर उशीर झाला, सराव बुडाला. तो भरून काढावा का?

नाही. बुडालेला सराव सोडून द्यावा आणि आराखड्यात पुढे जे असेल ते करावे. मंगळवारचा सराव बुधवारच्या सरावावर चढवला की बुधवारी दमणूक होते, गुरुवार बिघडतो, आणि दुखापतीची शक्यता वाढते.

या बाबतीत धीर देणारे एक जुने संशोधन आहे. रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस दहा आठवडे आठवड्यातून सहा दिवस जोरदार सराव केलेल्या लोकांना पुढे फक्त चार किंवा दोनच दिवस सराव करू दिला. तीव्रता तीच ठेवल्यामुळे पुढचे १५ आठवडे त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. पाच-सहा तासांच्या दमदारपणाची हमी त्यातून मिळत नाही. पण घरात कोणी रुग्णालयात असेल, वार्षिक परीक्षा असेल, नवे घर लावायचे असेल, तर महिनाभर आठवड्यातून दोन छोटे, जोरकस सराव केले तरी पाया ढासळत नाही, एवढे त्यातून खात्रीने घेता येते. हे जोडीदारालाही माहीत असावे, म्हणजे सराव बुडाल्याचे दुःख घरभर पसरत नाही.

हे सुरक्षित आहे का? घरच्यांना काळजी वाटते.

काळजी अनाठायी नाही. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांतील १९८५ ते २०१६ या काळातील आकस्मिक मृत्यू, हृदय बंद पडण्याच्या घटना आणि अपघाती मृत्यू यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३५ प्रकरणे होती, त्यांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडलेली, आणि एकूण ८५ टक्के पुरुषांची. उतरणाऱ्यांच्या संख्येशी तुलना केली तर धोका लाखामागे दोनाहून कमी भरतो. तरी चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांमध्ये तो वाढतो, असेही त्यात दिसले. तेव्हा छातीत दाब, अकारण धाप, चक्कर, किंवा जवळच्या नातलगांत कमी वयात हृदयविकार असा इतिहास असेल तर नोंदणीपूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. खुल्या पाण्यात एकट्याने कधीही पोहू नये. कमरेला ठळक रंगाचा तरंगता फुगा बांधावा. रस्त्यावर सायकल चालवताना आपले ठिकाण घरी दिसत राहील अशी सोय फोनवर करून ठेवावी. एकदा चालू केली की ती बंद पडणार नाही हेही पाहावे, कारण थांबलेला ठिपका घरच्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यापेक्षा जास्त घाबरवतो.

सरावामुळे चिडचिड वाढली आहे असे घरचे म्हणतात. खरे असू शकते का?

असू शकते, आणि घरच्यांचे म्हणणे सहसा घड्याळाच्या आधी खरे ठरते. पुरेशी झोप न घेता, पुरेसे न खाता सराव वाढवत नेला की आधी स्वभाव बिघडतो. मग झोप तुटते, सकाळची नाडी नेहमीपेक्षा वेगाने चालते, सर्दी-पडसे वरचेवर होते आणि नेहमीचा वेग जड वाटू लागतो. खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडण्याच्या या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली रेड-एस असे नाव दिले. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे वा थांबणे हे तिचे महत्त्वाचे लक्षण आहे, पण ती पुरुषांनाही होते आणि दोघांचीही हाडे त्यात कमकुवत होऊ शकतात. अशी लक्षणे दिसली तर आठवडाभर सराव निम्म्यावर आणावा, पोटभर जेवावे, आणि फरक न पडल्यास डॉक्टरांना भेटावे. प्रत्येक तीन आठवड्यांनंतर चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवण्याची रीत याचसाठी आहे; त्या आठवड्यात घराची तुंबलेली कामेही उरकतात.

घरात वेगळा स्वयंपाक करावा लागतो का?

मुळीच नाही. घरात जे शिजते तेच, फक्त कष्टाच्या दिवशी पिष्टमय पदार्थ जास्त आणि रोज पुरेशी प्रथिने. खेळाडूसाठी खास पदार्थ लागतात ते मुख्यतः सायकलवर. शरीरात कर्बोदकांचा साठा मर्यादित असतो, म्हणून लांबच्या सरावात ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावी लागतात, आणि अडीच तासांच्या पुढे ती ९० ग्रॅमपर्यंत नेता येतात. पोटाला त्याची सवय सरावातच लावावी. एक विनंती मात्र आहे. स्पर्धेआधी वजन उतरवण्यासाठी ताटात चिमणीएवढे वाढून घेणारा पालक वाढत्या मुलांसमोर बसू नये. मुले ऐकतात त्याहून जास्त पाहतात.

मुलांना सोबत घेऊन सराव करता येतो का?

काही सराव जरूर होतात. मोठ्या चाकांच्या बाबागाडीसह हळू धावता येते, मात्र मूल साधारण सहा ते आठ महिन्यांचे होऊन मान व पाठ पक्की झाल्यानंतर, बालरोगतज्ज्ञांना विचारून. सात-आठ वर्षांचे मूल सायकलवर आणि आपण पायी, हा हलक्या धावण्याचा उत्तम प्रकार आहे. वेग त्याचा, थांबे त्याचे. तलावावर मात्र आपला सराव आणि मुलाचे पाण्यात खेळणे एकत्र करू नये. पाण्यात मान खाली घालून लांबी मोजणारा माणूस पहारा देऊ शकत नाही.

बाळंतपणानंतर सराव कधी सुरू करावा?

चालणे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर सुरू होतात. धावण्याविषयी ब्रिटिश फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली दिलेली शिफारस अशी आहे की बाळंतपणानंतर किमान १२ आठवडे धावू नये आणि त्यानंतरही लघवी गळणे, ओटीपोटात जडपणा किंवा वेदना असल्यास आधी तपासणी करावी. पोहणे रक्तस्राव पूर्ण थांबल्यावर आणि टाके भरल्यावर. येथे तासांचा हिशेब आणखी कडक होतो, कारण अंगावर पिणाऱ्या बाळाच्या वेळा कोणत्याही आराखड्याला जुमानत नाहीत. आईचा सराव सुरू व्हायचा असेल तर बाळाच्या वडिलांनी आपला सराव काही महिने कमी करणे हाच त्यावरचा प्रामाणिक मार्ग आहे, आणि तो फार कमी घरांत घेतला जातो.

दोघेही ट्रायथलॉन करत असल्यास? किंवा घरात एकच पालक असल्यास?

दोघांनी एकाच स्पर्धेसाठी तयारी केली की जड आठवडे एकाच वेळी येतात आणि मुले आजी-आजोबांकडे जाऊन पडतात. त्यापेक्षा वर्ष वाटून घ्यावे : एका हंगामात एकाची मुख्य स्पर्धा, दुसऱ्याची स्प्रिंट. दोघे मिळून एखाद्या मित्रासह रिले संघात उतरणे हाही चांगला मार्ग आहे; एक पोहतो, एक सायकल चालवतो, एक धावतो, आणि सराव एका खेळापुरताच लागतो.

एकट्या पालकासाठी घरचा ट्रेनर, मुलाच्या पोहण्याच्या वर्गाच्या वेळीच शेजारच्या लेनमध्ये पोहणे आणि दुपारच्या सुट्टीतले धावणे हा पाया. शनिवारची लांब फेरी ओळखीच्या दुसऱ्या पालकाशी अदलाबदल करून मिळते : एक शनिवार त्याची मुले तुमच्याकडे, एक शनिवार तुमची त्याच्याकडे.

स्पर्धेच्या दिवशी घरच्यांनी काय करायचे?

त्याआधी स्पर्धेपूर्वीच्या दोन आठवड्यांबद्दल. सराव कमी करण्याच्या या काळाला टेपर म्हणतात. अनेक अभ्यास एकत्र करून २००७ साली काढलेला निष्कर्ष असा की तीव्रता तशीच ठेवून सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवलेला दोन आठवड्यांचा टेपर सर्वांत फलदायी ठरतो. या काळात मोकळे झालेले तास सायकलचे बोल्ट तपासत आणि हवामानाचा अंदाज पाहत घालवले जातात. ते तास घराचे आहेत. महिनोन्महिने उसने घेतलेले आहेत.

स्पर्धा पाहणे हे कष्टाचे काम आहे. अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत पाहणाऱ्याला सहा-सात तासांत आपला माणूस जेमतेम चार-पाच वेळा काही सेकंद दिसतो. तेव्हा घरच्यांना कागदावर लिहून द्यावे : पाण्याबाहेर येण्याची अंदाजे वेळ, सायकलवरून परतण्याची वेळ, धावण्याच्या फेऱ्या किती, टोपीचा आणि कपड्यांचा रंग, आणि प्रत्येक वेळेपुढे “अर्धा तास इकडे-तिकडे” अशी स्पष्ट नोंद. लहान मुलांना पहाटेपासून उभे करण्याऐवजी शेवटच्या फेरीला आणले तरी चालते. ती येणारच नसतील, तर त्यावरून मन खट्टू करून घेण्याचे कारण नाही.

स्पर्धा झाल्यावर पुढच्या स्पर्धेची नोंदणी कधी करावी?

लगेच नाही. मोठ्या स्पर्धेनंतर आठ-दहा दिवसांत एक रितेपण येते. इतके महिने ज्याच्याभोवती आठवडा फिरत होता ते अचानक नाहीसे झालेले असते, आणि नवी नोंदणी हे त्यावरचे सर्वांत सोपे औषध वाटते. सवलतीच्या दराची मुदतही नेमकी त्याच सुमारास संपत असते. तरीही किमान महिनाभर थांबावे. त्या महिन्यात आराखडा नाही, गजर नाही, वाटले तर पोहावे, नाही तर नाही. महिना संपल्यावर जुन्या हंगामाची वही काढून दोघांनी बसावे आणि दारापासून दारापर्यंतचे खरे तास, किती वेळा उशीर झाला, जोडीदाराचे ठरलेले तास त्याला किती वेळा मिळाले आणि किती वेळा “या आठवड्यात राहू दे” म्हणून बुडाले, हे मोजावे. जोडीदाराचे तास निम्म्याहून जास्त बुडाले असतील तर पुढच्या हंगामात अंतर एका पायरीने कमी करावे आणि तारीख त्याने निवडावी.